तातू गवसाची हाक

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि बांबरवाडीत यायला होडीवाल्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, आणि मध्येच कुजबुजू नका.

तातू गवस आमच्याच वाडीतला. जत्रेतल्या दशावतारात राक्षसाचं काम करायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. उभं राहायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. तातूचं बोलणं ऐकताना मृदंगवाला हात उचलायचा विसरे. तो गरजला की पलीकडच्या तीरावरची कुत्री गप्प व्हायची, असं म्हणतात.

त्याची आई जानकी. पहिल्यांदा तातू राक्षस होऊन आला, तेव्हा ते रंगवलेलं तोंड बघून तिला वाटलं, राक्षसाने आपल्या मुलालाच खाल्लं; ती किंचाळली, "राकेसान माझ्या झिलाक गिळल्यान!" सगळी जत्रा हसली. तातूला मात्र गलबलून आलं. त्या दिवसापासून प्रवेशाआधी तो पडद्याआडून हाक मारायचा, "गे आये, मीच इलंय!" समोर समईजवळ बसलेली जानकी म्हणायची, "ये रे झिला, ये." मगच राक्षस बाहेर उडी घ्यायचा. तिचं उत्तर आल्याशिवाय त्याचा पाय उचलत नसे.

मग कुणा सिनेमावाल्याने त्याला हेरलं आणि शहरात नेलं. त्या वेळी सिनेमा बोलत नसे. एवढ्या जिभेच्या माणसाला नेऊन मुका केला, काय म्हणावं! "पुढच्या जत्रेक येतंय," असं आईला सांगून गेला. जत्रा आल्या, गेल्या. तातू एका कामातून दुसऱ्या कामात अडकत राहिला.

एकदा तालुक्याला तंबूत त्याचा सिनेमा लागला. लोकांनी जानकीला होडीत घालून नेलं. पडद्यावर मुकुट घातलेला तातू आला, हा एवढा थोरला! लोक टाळ्या पिटत होते आणि म्हातारी कान देऊन बसली होती. शेवटी उठली. "माझो झील आधी हाक मारता," म्हणाली, "ह्यो कोण मुको?"

हे तातूच्या कानावर गेलं. हातातलं काम टाकून तो धावत निघाला. पण होडीतून उतरला तेव्हा आईचं बारावंही होऊन गेलं होतं.

जत्रेला त्याने तोंड रंगवलं, पडद्याआड उभा राहिला आणि हाक मारली, "गे आये, मीच इलंय!" समईजवळची जागा रिकामी. त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा आवाज फाटला. पाय काही उचलेना. तेव्हा होडीवाल्याची बायको चंद्रा उठली. तिचा मुलगा बोटीवर गेला होता, तो परतलाच नव्हता. ती जानकीच्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "ये रे झिला, ये."

तातू आला. आणि काय बोलला! समईतलं तेल सरलं तरी ज्योत विझली नाही, पलीकडच्या तीरावरची माणसं दारात येऊन ऐकत उभी राहिली, असं म्हणतात. सिनेमावाले पुन्हा न्यायला आले, पण तो वाडी सोडून गेला नाही.

अजूनही आमच्या जत्रेत नट कुठल्याही गावचा असो, राक्षस आधी हाक मारतो. समईजवळ एक जागा राखलेली असते. जिचा मुलगा दूर आहे, अशा बाईला तिथे बसवतात.

यंदा मला बसवलं. माझा आखातात आहे, चार गणपती झाले, आला नाही. पडद्याआडून हाक आली. पोर दुसऱ्या कुणाचं होतं, ठाऊक होतं मला. तरी जीव खाऊन ओरडले, "ये रे झिला, ये."