गोधडीवाल्या बायांचा एक भाव

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात गोधड्या शिवणाऱ्या बाया राहायच्या. सुई जिची तिची, दोरा जिचा तिचा, आणि बसायचं आपापल्या ओट्यावर. कुणी कुणाची चाकर नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर घालायचे, कडेनं टाके घालायला लागायचं आणि फिरत फिरत मधोमध यायचं. एक गोधडी पुरी व्हायला पंधरवडा तरी जाई.

त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी हौसाबाई. नवी मुलगी शिकायला आली की हौसाबाई तिला पहिली गोष्ट हीच सांगे, "दोऱ्याची गाठ आत घाल बाई, थरांच्या मध्ये. वर ठेवलीस तर निजणाऱ्याला टोचते. लहान लेकरू असेल तर ते रडत राहतं, आणि आईला वाटतं पोट दुखतंय."

सगळ्यांत लहान ठकू. तिचा नवरा मेंढरांमागे लांब गेलेला, पावसाळ्याशिवाय घरी यायचा नाही. घरात ती आणि तिचा राघू. राघू नुकता रांगायला लागला होता. हातातली सुई खाली पडली की ठकूचा जीव वर-खाली व्हायचा. सुई सापडेपर्यंत ती राघूला कडेवरून उतरवायची नाही. त्यामुळे तिचं काम मागे पडे. पण त्या सुईवरच दोघांचं पोट होतं.

शिवणाऱ्या पुष्कळ होत्या, घेणारा मात्र एकटा गुमानशेट. गावात एखादं दुपटं, एखादी वाकळ लागे तेवढीच. बाकी सगळ्या गोधड्या शेटच्या बैलगाड्यांतून घाट उतरून बंदराला जात. दुसऱ्या कुणाकडे गाड्याच नव्हत्या.

शेट आधी एका गोधडीला तीन पायल्या ज्वारी देई. मग त्यानं एक युक्ती काढली. ठकूच्या ओट्यावर येऊन तो गोड आवाजात म्हणाला, "ठकूबाई, ती पलीकडची मथुरा अडीच पायल्यांत द्यायला तयार आहे. मी काही तुझ्यावर जोर करत नाही. तू तुझ्या घरची मालकीण. परवडत असेल तर दे."

ठकूनं राघूकडे बघितलं आणि मान हलवली.

तिथून उठून शेट मथुराकडे गेला. "मथुराबाई, ठकू अडीच पायल्यांत देते म्हणाली. तूही मालकीण आहेस, तुझं तू बघ."

असं करत करत तो सगळ्या ओट्यांवर फिरला. काही महिन्यांनी पुन्हा फिरला, तेव्हा दोन पायल्या झाल्या. मग दीड. बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. पाण्याला जाताना एकमेकींना बघून वाट बदलू लागल्या. प्रत्येकीला वाटे, हिच्यामुळेच माझ्या घरातली ज्वारी कमी झाली.

पण त्या गावात एक रीत होती. कुणाच्याही बाळाचं बारसं असलं की गावातल्या शिवणाऱ्या सगळ्या बायांनी एकाच दुपट्याभोवती बसायचं आणि प्रत्येकीनं एक एक टाका घालायचा. भांडण असलं तरी टाका चुकवायचा नाही. लेकराच्या पांघरुणाला कुणाचा राग लागू नये म्हणून ही रीत.

कुंभाराघरी बारसं निघालं. सगळ्या जमल्या, पण कुणी तोंड उघडेना. शेवटी मथुराच्यानं राहवलं नाही. टाका घालता घालता ती म्हणाली, "घाल बाई ठकू, तूच घाल आधी. तू सगळ्यात स्वस्त ना!"

ठकूचा हात थांबला. "मी? अडीचला तयार तुम्ही झालात आधी. शेटनं मला सांगितलं तुमचं नाव."

"माझं नाव? अगं, मला त्यानं तुझं नाव सांगितलं!"

"आणि मला तुम्हा दोघींचं," तिसरी म्हणाली.

हौसाबाईनं दुपट्यावरून नजर न उचलता विचारलं, "आणि मला काय सांगितलं असेल, ओळखा बघू?"

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळ्याच हसायला लागल्या. हसता हसता मथुराचे डोळे भरले. इतके दिवस ती ठकूच्या दारावरून तोंड फिरवून जात होती.

त्याच जागी बायांनी ठरवलं. प्रत्येकीनं आपल्या दोऱ्याचं टोक पुढे केलं, सगळ्या दोऱ्यांची मिळून एक गाठ मारली आणि शपथ घेतली, की तीन पायल्यांच्या खाली शेटला कुणीही गोधडी द्यायची नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण मथुराला भीती वाटली. ती म्हणाली, "एक भोक ठेवलं तरी शेट त्यातून हात घालील. आपल्या नात्यागोत्यातल्या कुणाला पुढे करून स्वस्तात शिवून घेईल. म्हणून कुणालाच कमीत शिवायचं नाही. दुपटंसुद्धा नाही. त्याचाही भाव आपण ठरवू तोच. आणि नव्या बाईला सुई धरायला शिकवायचं नाही."

हौसाबाई काहीतरी बोलणार होती, पण सगळ्या जोरात होत्या. "हो, हो" म्हणून तेही ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून शेट ज्या ओट्यावर जाई तिथे त्याला एकच उत्तर मिळे. "तीन पायल्या." शेटनं गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिले, गाड्या रिकाम्या उभ्या करून पाहिल्या. बायांनी कण्या शिजवून खाल्ल्या, पण गोधडी दिली नाही.

थंडी पडली. एक दिवस येसू नावाची बाई ठकूच्या ओट्यापाशी आली. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्यांची पालं गावाबाहेर पडली होती, त्यांतली ती. पदराखाली दहा-बारा दिवसांचं लेकरू होतं. दुसऱ्या हातात फाटकं लुगडं आणि पुरचुंडीत मूठभर ज्वारी.

"ताई, एवढ्यात एक दुपटं होईल का? पालात वारा फार येतो."

ठकूनं बाळाच्या पायाला हात लावला. पाय गार होता. तिनं लुगडं घ्यायला हात पुढे केला, तोच समोरच्या ओट्यावरून मथुरा ओरडली, "ठकू! शपथ म्हणजे शपथ!"

ठकूचा हात मागे आला. "होणार नाही ग बाई," ती खाली बघत म्हणाली. येसू पुरचुंडी पदराला बांधून निघून गेली. त्या दिवशी ठकूला घास गोड लागला नाही. राघूला ती सारखी पांघरूण घालत होती आणि तो सारखा लाथेनं काढून टाकत होता.

ही गोष्ट शेटच्या कानावर गेली आणि त्याला हवं होतं तेच सापडलं.

त्या गावच्या वेशीवर राजाचा एक हुकूम दगडावर कोरलेला होता. त्याचं असं झालं होतं, की एका वाईट वर्षी मिठाचे सगळे व्यापारी एकत्र बसले आणि त्यांनी मिठाचा भाव चौपट केला. लोक अळणी खाऊन आजारी पडले. तेव्हा राजानं हुकूम काढला, 'विकणाऱ्यांनी आपसात बसून भाव ठरवू नये. जे ठरवतील त्यांची धंद्याची साधनं जप्त होतील.' हुकूम चांगलाच होता. गावात सगळे त्याला हात जोडत, या बायासुद्धा.

राजाचे न्यायाधीश गावात आले तेव्हा शेट चावडीवर उभा राहिला. बरोबर त्यानं येसूलाही आणलं होतं. तो म्हणाला, "महाराज, या बाया माझ्या चाकर नाहीत. प्रत्येक बाई स्वतःच्या कामाची मालकीण. म्हणजे माझ्यासारख्या व्यापारीच झाल्या. त्यांनी आपसात बसून भाव ठरवला. बघा, या गरीब बाईचं लेकरू थंडीत राहिलं! हुकुमाप्रमाणे यांच्या सुया जप्त करा."

"मालकीण!" हौसाबाई मागून म्हणाली. "चूल थंड पडली तेव्हा नाही आलात मालकिणीची चौकशी करायला."

लोक हसले. पण बाया मनातून घाबरल्या होत्या. सुई गेली तर उद्या काय खायचं? चावडीवर येण्याआधी मथुरानं सगळ्यांना बजावलं होतं, "कुणी काही ठरवलं नाही असंच सांगायचं. जिनं तिनं आपल्या मनानं तीन पायल्या मागितल्या. कोण बघायला आलं होतं?"

न्यायाधीशांनी नेमकं ठकूलाच पुढे बोलावलं. ती राघूला कडेवर घेऊन उभी राहिली. राघू तिच्या पदराचं टोक तोंडात घालत होता आणि ती ते पुन्हा पुन्हा काढत होती.

"मुली, तुम्ही बसून भाव ठरवलात का?"

मथुरा तिच्याकडे टक लावून बघत होती. येसूही बघत होती. येसूच्या हातातलं बाळ गोणपाटात गुंडाळलेलं होतं आणि त्याच्या गालावर गोणपाटाचे वळ उठले होते. ठकूनं ते वळ पाहिले.

"हो महाराज, ठरवला," ती म्हणाली.

मथुरानं कपाळाला हात लावला.

ठकू बोलत राहिली. "शेट एकेकीला एकटं गाठायचे, म्हणून आम्ही एकत्र बसलो. ते मला चुकीचं वाटत नाही. आमची सुई घेतली तरी नाही वाटणार. पण या येसूला मी परत पाठवली, ते चुकलं. गाठ आम्ही चांगल्यासाठी मारली होती महाराज, पण ती आत घालायची ते विसरलो. ती वर राहिली आणि हिच्या लेकराला टोचली."

मग न्यायाधीशांनी विचारलं, "शेट, ठकूनं गोधडी दिली नाही तर तुमचं काय अडेल?"

"माझं? काही नाही. दुसरीकडून घेईन."

"आणि तुम्ही घेतली नाहीत, तर ठकू कुणाला विकेल?"

शेटनं पगडी सारखी केली. घसा खाकरला.

"सांगा की शेट," हौसाबाई म्हणाली, "ओट्यावर तर लई बोलता!"

न्यायाधीशांनी हातानं तिला थांबवलं आणि येसूला विचारलं, "बाई, यांनी नाही म्हटल्यावर तू कुणाकडे गेलीस?"

"कुणाकडे जाणार, महाराज? शिवणाऱ्या याच. आणि मला येत नाही, मला कुणी शिकवायचं नाही म्हणे."

न्यायाधीशांनी वेशीच्या दगडाकडे बोट केलं. मग बायांकडे वळून म्हणाले, "तो हुकूम कोरला तेव्हा मी होतो. मीठवाल्यांनी एकत्र येऊन लोकांना दार बंद केलं, म्हणून तो कोरला. ज्यांच्यासमोर आधीच दार बंद आहे, त्यांनी मिळून ते वाजवू नये, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बायांनो, शेटपुढे तुम्ही येसू होता. पण येसूपुढे तुम्ही शेट झालात."

मथुरानं मान खाली घातली.

न्यायाधीशांनी निवाडा दिला. गोधडीच्या भावाची बोलणी यापुढे ओट्या-ओट्यावर व्हायची नाहीत. शेटनं चावडीवर यायचं, सगळ्या बायांसमोर बसायचं आणि दोघांच्या संमतीनं भाव ठरवायचा. पण दारात आलेल्या गरजू माणसापुढे जिनं तिनं आपल्या मनानं भाव सांगायचा, त्याला शपथ आड यायची नाही. आणि जिला शिकायचं असेल तिला सुई धरू द्यायची. सुया कुणाच्याही जप्त झाल्या नाहीत.

शेट त्याच दिवशी चावडीवर बसला. पुष्कळ कुरकुरला, गाड्यांचा खर्च सांगितला, बैल म्हातारे झाले असं सांगितलं. शेवटी पावणेतीन पायल्यांवर दोन्हीकडच्या माना हलल्या. बाया तीनच मागत होत्या, पण एकमेकींकडे बघून त्यांनीच पाव सोडली.

मग मथुरा उठली. येसूच्या हातातलं फाटकं लुगडं तिनं घेतलं, चावडीच्या फरशीवर पसरलं आणि कुणाला काही न विचारता सुईत दोरा ओवला. सगळ्या बाया भोवती बसल्या. बारसं नव्हतं, तरी प्रत्येकीनं टाका घातला. शेवटचा टाका येसूच्या हातून घालायचं ठरलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली आणि गाठ वरच राहिली.

"आत ग बाई, आत," हौसाबाई म्हणाली आणि तिचा हात धरून गाठ थरांच्या मध्ये सारली.

दुपटं झालं. ठकूनं आधी त्यावरून तळहात फिरवून पाहिला, सगळ्या कडांवरून, सगळ्या टाक्यांवरून. कुठे काही टोचलं नाही. मग तिनं ते बाळाच्या अंगावर घातलं. गोणपाट बाजूला पडलं आणि बाळ निजलं.

तात्पर्य: आपल्याला दाबणाऱ्यापुढे एकजूट करून उभं राहावं, त्यात लाज नाही आणि गुन्हाही नाही, पण तीच एकजूट आपल्याहून दुबळ्याला टोचत नाही ना, हे आपणच हात फिरवून पाहावं.