भिंगरीचा भाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती, पण रथांना होती. लहानांनी ती मजेने ऐकावी आणि मोठ्यांनी, विशेषतः ज्यांनी कधी काही जुनं विकलं किंवा घेतलं असेल त्यांनी, जरा कान देऊन ऐकावी.

नदीकाठच्या एका राज्यात जुन्या रथांचा बाजार भरायचा. नवा रथ हवा असेल तर सुताराकडे जावं, वर्षभर थांबावं आणि सुताराची मिजास सहन करावी. ज्याच्यापाशी तेवढा धीर नाही किंवा तेवढा पैसा नाही, तो या बाजारात यायचा. थोडक्यात, सगळं गाव यायचं.

या बाजाराची एक रीत होती. विकणारा एका बाजूला बसे, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये एक पाट मांडलेला असे. त्या पाटावर बसायचा पारखी. तो रथ तपासून भाव सांगायचा. विकणाऱ्याला तो भाव मानावाच लागे. घेणाऱ्याला मात्र उठून जायची मुभा होती. पण घेणारा उठला, तर पारख्याने स्वतःच्या पदरच्या मोहरा मोजून त्याच भावात तो रथ घ्यायचा, असा दंडक होता.

ही रीत कोणा शहाण्याने घातली असणार. ज्याच्या खिशाला चाट बसू शकते तो वाट्टेल तसा भाव सांगणार नाही, असं त्याला वाटलं असेल. पण शहाण्याच्या मागून दीडशहाणे येतातच. पारख्यांनी विचार केला, उद्या रथ आपल्याच गळ्यात पडला तर जड जाऊ नये. म्हणून ते सरसकट प्रत्येक रथाचा निम्मा भाव सांगू लागले. घेणारे खूश, पारखी निर्धास्त. रडायचं ते विकणाऱ्याने, आणि विकणारा काही रोज रोज बाजारात येत नाही.

त्या वर्षी पाटावर प्रथमच एक बाई बसली. ती चाकं बनवणारी होती. तिच्या बापाने तीस वर्षं पारख केली आणि गुडघे दुखू लागल्यावर पाट तिच्या हवाली केला. देताना तो म्हणाला, "पोरी, निम्मा सांगत जा आणि निवांत झोपत जा." तिने बापाचं बोलणं आदराने ऐकून घेतलं आणि तितक्याच आदराने सोडून दिलं.

तिला आपल्या कानांवर आणि बोटांवर भरवसा होता, आणि तो ती लपवतही नसे. बाईमाणसाला एवढा ताठा बरा नव्हे, असं गावातले काही लोक म्हणत. आणि मग त्यांचं चाक मोडलं की तिच्याचकडे घेऊन येत.

पाटावर पहिल्यांदा बसली त्या दिवशी तिच्या कनवटीला बहात्तर मोहरा होत्या. लवकरच नदीतून लाकडाचे तराफे येणार होते. त्यातून वर्षभराचं लाकूड घ्यायचं, तर एवढ्या मोहरा हव्याच होत्या. लाकूड नाही तर चाक नाही, आणि चाक नाही तर चूल नाही, इतका तिचा हिशेब सरळ होता.

पहिल्याच सकाळी एक म्हातारा सारथी आपला रथ घेऊन आला. रथाचं नाव भिंगरी. दोन चाकांचा, दोन घोड्यांचा, अंगाने सडपातळ, लाल रंगाचा. त्याचं छत वेताच्या कमानींवर ताणलेल्या कातड्याचं होतं. दोरी ओढली की ते मागे घडी होऊन बसायचं आणि आतला माणूस सगळ्या गावाला दिसायचा. असा रथ नवा घ्यायचा तर सव्वाशे मोहरा लागायच्या. गावातल्या निम्म्या तरुणांना तो स्वप्नात दिसे आणि उरलेल्या निम्म्यांना जागेपणीच.

म्हाताऱ्याची नजर मंदावली होती. समोरून गाडी येतेय की गाय, हे त्याला आता कळेना. त्याला रथ विकून नदीवरची नाव घ्यायची होती. नाव दोराला धरून चालते, तिला डोळे कमी लागतात. नाव मिळाली तर म्हातारपण सुखात जाईल, नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घेणारा होता नगरशेट. त्याने भिंगरी पाहिली आणि त्याचे डोळे लकाकले, पण लगेच त्याने तोंड वाकडं केलं. ही कला तो लहानपणीच शिकला होता.

"शंभर मोहरा," म्हातारा म्हणाला. "रथ अगदी नव्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा देवदर्शनाला जायचो, तेवढाच वापर."

"चाळीस," शेट म्हणाला. "जुनी लाकडं आहेत. आणि बाई, चाळीसच्या वर सांगशील तर मी उठेन. मग बस तू भिंगरी फिरवत."

गर्दी हसली. गर्दीत बाईचा बापही होता. तो हसला नाही, नुसता मान हलवून खुणावत राहिला.

बाई पाटावरून उठली. "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं माझ्याकडे चालत नाही," ती म्हणाली. "आधी बघू द्या."

आजवरचे पारखी छत उघडं ठेवूनच रथ बघत. रथ उघडाच शोभतो, आणि जे शोभतं तेच लोक बघतात. ही बाई आत जाऊन बसली आणि तिने छत बंद केलं. भर दिवसा तिला आत सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रं मोजता आली. कातडं कसरीने चाळणीसारखं खाल्लं होतं.

मग ती खाली उतरली आणि चाकांपाशी बसली. चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. तिने दोन्ही धावांवरून बोट फिरवलं. डावी धाव झिजून उजवीच्या निम्मी उरली होती.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "देवळाचा रस्ता तर सरळ आहे. मग एकच चाक कसं झिजलं?"

म्हातारा घोड्याची आयाळ सारखी करू लागला.

"शर्यत तळ्याला उजवी घालून होते. वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणजे डाव्या. किती वर्षं पळवलात?"

"अकरा," म्हातारा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "शर्यतीचा रथ म्हटलं की लोक भाव पाडतात, पोरी. म्हणून देवाचं नाव घेतलं."

शेटने मांडीवर थाप मारली. "पकडला! आता तीससुद्धा जास्त होतील."

"थांबा शेटजी, माझं अजून बघून झालं नाही," बाई म्हणाली. "त्यांनी खोटं सांगितलं, हे त्यांचं चुकलं. पण खोटं ते बोलले, रथ बोललेला नाही."

तिने रथाखाली शिरून कण्यावर, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या लाकडावर, लाकडी हातोडी मारली आणि कान लावला. आवाज खणखणीत आला. पुन्हा मारली, पुन्हा तसाच. कणा अंजनाच्या टणक लाकडाचा होता, तीन पावसाळे मुरवलेला. शर्यतीच्या माणसाला वळणावर जीव वाचवायचा असतो, म्हणून म्हाताऱ्याने जुना कणा काढून हा बसवला होता. नव्या रथांनाही असा कणा क्वचितच मिळे.

शेवटी तिने एक तांब्या काठोकाठ भरला, रथाच्या फळीवर ठेवला आणि रथ नदीपात्राच्या कोरड्या कडेने, धोंड्यांवरून हाकला. परत आली तेव्हा तांब्यातलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. गर्दीतलं हसू एव्हाना ओसरलं होतं.

बाई पाटावर बसली.

"छत गेलंय. डाव्या चाकाची धाव बदलावी लागेल. वरचा रंग कालचा आहे, जवसाच्या तेलाचा वास अजून येतोय. पण कणा राजाच्या रथाला शोभेल असा आहे आणि चाल लोण्यासारखी. सत्तर मोहरा."

"नावेला पंचाहत्तर लागतात गं," म्हातारा पुटपुटला.

"नावेची किंमत रथात घालता येत नाही, बाबा. रथ सत्तरचाच आहे."

शेट उठला. पण घाईने नाही. आजवर तो उठला की पारख्यांची गाळण उडे आणि ते 'बसा शेटजी, पुन्हा बघू' म्हणत भाव खाली आणत. त्याने उपरणं झटकलं. पुन्हा एकदा झटकलं. जोडे घातले, त्यातला एक काढला, नसलेला खडा झाडला, परत घातला.

गर्दीतून बापाचा आवाज आला, "अगं, पन्नास म्हण! लाकडाचे पैसे आहेत ते!"

बाईने मनातल्या मनात मोहरा मोजल्या. बहात्तरातून सत्तर गेले तर उरतात दोन. दोन मोहरांत लाकूड सोडा, भुसाही येत नाही. पण रथ सत्तरचा होता. पन्नास म्हटलं असतं तरी तो सत्तरचाच राहिला असता, आणि मधले वीस म्हाताऱ्याच्या खिशातून गेले असते.

"शेटजी," ती म्हणाली, "ऊन वाढायच्या आत निघा. मला रथ घरी न्यायचाय."

शेटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता परत बसावं तर लाज जाते, आणि जावं तर रथ जातो. शेवटी त्याने लाज राखली.

बाईने सत्तर मोहरा मोजून म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवल्या.

"पोरी, तू निम्मा भाव सांगितला असतास, तरी मी काय करणार होतो?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तो सांगायचा नव्हता."

म्हाताऱ्याने कमी पडणाऱ्या पाच मोहरांच्या जागी शर्यतीत जिंकलेलं चांदीचं कडं नावाड्याला दिलं आणि नाव घेतली.

लाकडाचे तराफे आले आणि बाईच्या दारावरून पुढे गेले. पुढचे चार महिने तिने उरलेल्या ढलप्यांतून लाटणी केली, ताकाच्या रव्या केल्या, मुलांच्या गाड्यांची चाकं केली. गावातल्या शहाण्यांनी तिला 'लाटणंवाली' म्हणायला सुरुवात केली. बापाने आठ दिवस अबोला धरला, नवव्या दिवशी गुपचूप येऊन लाटणी घासू लागला. साठलेल्या पैशांतून तिने भिंगरीला नवं छत घातलं आणि डाव्या चाकाची धाव बदलली. त्याला पाच मोहरा लागल्या.

इतक्यात राजाने फर्मान काढलं. दसऱ्याच्या मिरवणुकीत नगरशेटने स्वतःच्या रथातून राजाच्या मागोमाग चालावं. मान मोठा होता, पण दसरा होता आठ दिवसांवर. सुतार म्हणाला, एक वर्ष लागेल. बाजारात होते ते रथ बैलांनाही लाज वाटावी असे. नगरशेट दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी बाईच्या दारात उभा राहिला.

"दीडशे देतो," तो बसायच्या आधीच म्हणाला.

बाईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "पंचाहत्तर. सत्तर रथाचे, पाच छताचे आणि धावेचे."

शेटला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याला वेगळीच शंका आली. दीडशे मिळत असताना पंचाहत्तर मागते, म्हणजे रथात नक्की काहीतरी खोट असणार! त्याने छत लावून पाहिलं, काढून पाहिलं. कण्यावर हातोडी मारली. पोट सावरत रथाखालीही शिरला आणि उपरण्याला वंगण लावून बाहेर आला. खोट काही सापडली नाही.

"बाई, मला गरज आहे हे तुला दिसतंय," तो धापा टाकत म्हणाला. "दोनशे मागितलेस तरी मी देईन. मग कमी का मागतेस?"

"मी कमी मागत नाही, शेटजी. भिंगरी त्या दिवशी सत्तरची होती. आज तुमच्याकडून दीडशे घेतले, तर त्या म्हाताऱ्याचे मी पंचाहत्तर लुबाडले असं होईल."

शेटने उपरण्याचं वंगण पुसलं. त्याला चार महिन्यांपूर्वीचं आपलं उठणं आठवलं. आयुष्यभर त्याने घेताना एक भाव सांगितला होता आणि विकताना दुसरा, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेला तो हुशारी म्हणत आला होता. त्या जागेत किती म्हातारे उभे असतील, हा विचार त्याच्या मनात आजवर आला नव्हता. त्याने मुकाट्याने पंचाहत्तर मोहरा मोजल्या आणि जाताना हात जोडले. बाईला त्याने हात जोडलेले गावाने पहिल्यांदाच पाहिले.

बाईने त्या पैशांत लाकूड आणलं आणि तिची चाकं पुन्हा फिरू लागली. पुढे ती तीस-पस्तीस वर्षं त्या पाटावर बसली. तिने भाव सांगितला आणि घेणारा उठून गेला, असं नंतर एकदाही घडलं नाही. दूरदूरचे म्हातारे, विधवा, अडलेले लोक आपले रथ घेऊन त्याच बाजारात येत, कारण तिथे अडलेल्या माणसाचा रथ स्वस्त होत नसे.

तात्पर्य : जो भाव घेतानाही आपल्या तोंडून निघतो आणि विकतानाही तोच निघतो, तोच रास्त भाव.