पाठीवरचा हळदीचा पंजा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. पण एक नदी होती, आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. आपण त्यांना ऐलगाव आणि पैलगाव म्हणू. नदीच्या मधोमध एक बेट होतं. भर उन्हाळ्यात सगळीकडे फुफाटा उडायचा, तेव्हाही त्या बेटावर गुडघाभर गवत असायचं.

गवत म्हटलं की गुरं आली, आणि गुरं म्हटली की भांडण आलं. पण या दोन गावांनी एक शहाणी रीत पाडली होती. दर बारा वर्षांनी दोन्हीकडचा एकेक पैलवान त्या बेटावर कुस्ती धरायचा. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. जे गाव जिंकेल त्याची गुरं पुढची बारा वर्षं तिथे चरत. राजालाही ही रीत फार पसंत होती, कारण त्याला न्याय करायला गादीवरून उठावं लागत नसे.

ऐलगावच्या तालमीत एक वस्ताद होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

तरुणपणी हा वस्ताद स्वतः त्या बेटावर लढला होता आणि हरला होता. पैलगावच्या पैलवानाने त्याला खांद्यावरून असा फेकला, की सगळ्या गावादेखत त्याची पाठ मातीला लागली. तो उठला, अंग झटकलं आणि आपल्या पायांनी घरी आला. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. पण न्हाणीत बसून त्याने पाठीवरची ती लाल माती इतकी घासली, इतकी घासली, की कातडं सोलून निघालं. माती गेली. लाज मात्र गेली नाही.

त्याच्यानंतरची कुस्तीही ऐलगाव हरलं. म्हणजे बारा वर्षं डोंगरापल्याड उपाशीतापाशी हिंडलेली गावाची गुरं आणखी बारा वर्षं तिथेच हिंडणार होती. तेव्हा गावकरी वस्तादाकडे आले आणि म्हणाले, "आता तुमीच काय ते करा."

वस्तादाने घाई केली नाही. त्याने बारा वर्षांनंतरचा कुस्तीचा दिवस डोळ्यांसमोर धरला आणि तिथून उलटं मागे मागे येत आखणी केली. तालमीच्या भिंतीवर बारा खुंट्या ठोकल्या. एक खुंटी म्हणजे एक वर्ष. पहिल्या खुंटीला त्याने दोर टांगला : हे वर्ष चढायचं, पळायचं, पोहायचं. दुसरीला मुद्गल टांगला. पाचव्या खुंटीपासून डाव. शेवटच्या खुंटीला कोरा लाल लंगोट, कुस्तीच्या दिवशी नेसायचा.

शिकवण्याची त्याची पद्धतही नावाजण्यासारखी होती. एका वेळी एकच नवा डाव द्यायचा आणि त्याच्या जोडीला जुने दोन घोटून घ्यायचे. आज जाडा जोडीदार, उद्या उंच, परवा डावखुरा. सात दिवसांतला एक दिवस सक्त विश्रांतीचा. आजच्या एखाद्या शिक्षकाने पाहिलं असतं तर त्याने वस्तादाच्या पाया पडून शागिर्दी मागितली असती.

या सगळ्या आखणीसाठी त्याने निवडला हैबती. गवळ्याचा मुलगा, नऊ वर्षांचा, अंगाने काटक आणि डोक्याने त्याहून काटक. पहिल्याच दिवशी खुंट्यांकडे एकेक करून बघत त्याने विचारलं, "वस्ताद, यात पडायचं कधी शिकवणार?"

"पडायचं?"

"व्हय. मी म्हशीवरनं लई वेळा पडलोय. सरळ पडलं की लागतं, लोळत पडलं की न्हाई लागत. पैलवानबी पडत असतील की."

वस्तादाच्या पाठीवर जुनी जागा चुरचुरली. तो हसून म्हणाला, "आरं, पडायला कशाला शिकायचं? पडाय तर दगडालाबी येतं. आपुन पाडायला शिकायचं."

सगळी तालीम खदखदून हसली. पोरगं ओशाळलं आणि पुन्हा त्या वाटेला गेलं नाही.

त्याच दिवशी वस्तादाने एक नियम घालून दिला. रोज पहाटे तो आपला उजवा हात ओल्या हळदीत बुडवायचा आणि हैबतीच्या पाठीवर पंजा उमटवायचा. संध्याकाळी तो पंजा बघायचा. त्यावर मातीचा कण दिसता कामा नये. जोडीदारांना ताकीद होती : हैबतीने डाव टाकला की पडायचं, आणि पडलात की पडूनच राहायचं. "पाठीला माती लागली की मनाला लागती," वस्ताद सांगायचा. "आणि मनाला लागलेली निघत न्हाई."

हे त्याचं खरंच मत होतं. आपल्याला जे दुःख झालं ते या पोराला होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. प्रेमानेच केलं त्याने सगळं. म्हणून तर वाईट वाटतं.

वर्षं जात राहिली, एकेका खुंटीवरची वस्तू खाली येत राहिली. हैबती वाढला, भरला. त्याच्या पाठीवरचा पिवळाधमक पंजा गावाचा अभिमान झाला. तो वाटेने निघाला की बायका लेकरांना कडेवर उचलून दाखवायच्या, "ते बघ, कसं लखलखीत हाय!"

मधे कधीतरी बांगड्या विकणारा एक कासार पैलगावहून बातमी घेऊन आला. "नवलच चाललंय तिथं," तो म्हणाला. "त्यांचा पोरगा सहा महिने झाले नुसता पडतोय. पुढं पडतो, मागं पडतो, कुशीवर पडतो. उठतो आणि पुन्ना पडतो. त्याचा वस्ताद बाजूला बसून म्हणतो, शाब्बास!"

ऐलगाव पोट धरधरून हसलं. "हरायची तालीम करत्यात जणू!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यात मोठ्याने वस्ताद हसला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ताटावर बसून तो म्हणाला भूक नाही, आणि हात धुऊन उठला.

सातव्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. गुणाजी नावाचा एक जोडीदार होता, वयाने हैबतीएवढाच. झोंबता झोंबता त्याच्याही नकळत त्याने हैबतीच्या पायात पाय घातला. हैबती भेलकांडला. पाठ लागली नाही, नुसता गुडघा टेकला, पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. क्षणभराने तो सावरला, आणि त्याचे डोळे चमकले. "वस्ताद," तो म्हणाला, "गुणाजीला पुन्ना एकदा करू द्या. मला कळलंच न्हाई काय झालं ते."

असा शिष्य मिळायला नशीब लागतं. जे कळलं नाही ते पुन्हा दाखवा म्हणणारा! पण वस्तादाने हैबतीचं ऐकलंच नाही. त्याने गुणाजीला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि सांगितलं, "उद्यापास्नं हितं पाऊल टाकायचं न्हाई."

गुणाजी खाली मान घालून गेला. त्यानंतर हैबतीच्या पायात कुणी पाय घातला नाही.

बाराव्या खुंटीवरचा लाल लंगोट खाली आला. बेटावर दोन्ही गावं लोटली. वस्तादाने त्या दिवशी हळदीचा पंजा जरा जास्तच दाबून उमटवला. पलीकडून पैलगावचा पैलवान आला. हैबतीपेक्षा बारका, आणि अंगावर इतकी माती की जणू शेतातून थेट उठून आलेला. ऐलगावकर एकमेकांना कोपराने ढोसून हसू लागले.

सलामी झाली, हाताला हात भिडले, आणि बघता बघता हैबतीने डाव साधून त्याला कमरेवरून उलथवला. ऐलगावातून आरोळी उठली. हैबतीने रोजच्या सवयीने दोन्ही हात वर केले आणि तो वस्तादाकडे वळला. तालमीत कुस्ती इथेच संपत असे.

पण पैलगावचा गडी खांद्यावर पडला होता. तो तसाच लोळला आणि उठून उभा राहिला. पंच म्हणाले, "पाठ लागली नाही. कुस्ती चालू."

हैबती गोंधळला. पडलेला माणूस उठतो, हे त्याने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने पुन्हा फेकला. तो पुन्हा कुशीवर पडला, पुन्हा उठला, आणि वर हसला. तिसऱ्यांदाही तेच. आता हैबतीने वस्तादाकडे पाहिलं. ती विजयाची नजर नव्हती. लहान मूल रस्ता चुकल्यावर बघतं तसं तो बघत होता. पुढचं काय, ते कुठल्याच खुंटीवर नव्हतं.

तेवढ्यात पैलगावच्या पैलवानाने खाली वाकून त्याचा एक पाय काढला.

पडणं अगदी किरकोळ होतं. म्हशीवरून पडल्यावर लागतं तेवढंही लागलं नसतं. खांदा आत घेऊन लोळला असता तर त्या दुसऱ्यासारखाच तोही उभा राहिला असता, आणि कुस्ती पुढे चालली असती. नऊ वर्षांच्या हैबतीला हे माहीत होतं. एकवीस वर्षांच्या हैबतीला एकच माहीत होतं, की पाठ लागता कामा नये. त्याने हात ताठ पुढे केला, आणि सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला.

कोपर मोडल्याचा आवाज वस्तादाने आखाड्याच्या कडेवरून ऐकला.

हैबती पालथा पडला. पैलगावचा पैलवान घाबरून त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि "वैद्याला हाका मारा, वैद्याला!" म्हणून ओरडू लागला. जिंकण्या-हरण्याचंही त्याला भान उरलं नाही. पंचांनी हैबती उठतो का पाहिलं, थोडा वेळ थांबले, आणि बेट पैलगावला दिलं.

वस्ताद धावत आला. समोर हैबतीची उघडी पाठ होती. तिच्यावर पाचही बोटं स्पष्ट दिसत होती. बारा वर्षांत कधी नव्हता इतका तो पंजा स्वच्छ होता. मातीचा एक कण नव्हता त्यावर.

गर्दीतून गुणाजी पुढे आला. वस्तादाकडे न बघता त्याने हैबतीला पाठीवर घेतलं आणि नदी ओलांडली.

हात जुळला, पण वाकडा. खांद्याच्या वर जाईना. हैबतीने पुन्हा गुरं राखायला घेतली, आणि बेट गेल्यामुळे ती डोंगरापल्याडच न्यावी लागत. वस्ताद कितीतरी दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी एका सकाळी काठी टेकत तो डोंगर चढून गेला. हैबती एका खडकावर बसला होता.

"पोरा," वस्ताद म्हणाला, "मी पाप केलं. त्या बेटावर मीबी पडलो होतो. सगळ्या गावादेखत पाठ लागली होती माझी. त्याची लाज वाटायची, म्हणून तुला पडू दिलं न्हाई."

हैबतीने भरकटलेल्या एका वासराला हाक मारली. मग विचारलं, "पडल्यावर तुमचा हात मोडला होता?"

"न्हाई."

"पाय?"

"न्हाई रं. उठलो, अंग झटकलं, घरी आलो."

"चालत?"

"चालत."

हैबतीने आपल्या वाकड्या हाताकडे पाहिलं. "म्हंजी तुमाला पडता येत होतं, वस्ताद," तो म्हणाला. "तेवढंच शिकवायचं की मला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वस्तादाला सोसलं असतं. म्हातारा तिथेच रडू लागला. ज्या गोष्टीची त्याने जन्मभर लाज बाळगली, तीच त्याची सगळ्यात मोठी विद्या होती, हे त्याला आत्ता कळलं. हैबतीला तेवढीच एक हवी होती, आणि तीच त्याने लपवून ठेवली.

डोळे पुसून तो म्हणाला, "तालमीत ये. नव्या पोरांना आता आधी पडायला शिकवायचं. तू शिकव."

"मला कुठं येतं?" हैबती म्हणाला, आणि गुरं वळवायला उठला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद गुणाजीच्या घरी गेला, त्याची माफी मागितली आणि त्याला तालमीत परत आणलं. मग त्याने पहिल्या खुंटीच्याही अलीकडे एक नवी खुंटी ठोकली आणि तिच्यावर काहीच टांगलं नाही. नवी पोरं जमली तेव्हा तो गुणाजीला म्हणाला, "मला पाड." गुणाजी कचरला. "पाड म्हणतो ना!" वस्ताद ओरडला. गुणाजीने पाडलं. पांढऱ्या केसांचा तो माणूस खांद्यावर पडला, लोळला, आणि धापा टाकत उठून उभा राहिला. त्याची सगळी पाठ लाल झाली होती. ती त्याने पोरांना वळून वळून दाखवली. घरी जाऊन त्या दिवशी त्याने पाठ घासली नाही.

त्यानंतर ऐलगावच्या तालमीत पहिलं वर्ष पोरं नुसती पडत. हैबती रोज सकाळी गुरं घेऊन तिथून जायचा. आतून धप्प धप्प आवाज यायचे, आणि मागोमाग पोरांचं हसू. तो दाराशी थोडा वेळ थांबायचा, चांगला हात वाकड्या हाताच्या कोपरावर ठेवायचा आणि ऐकायचा. वस्ताद आतून बघत असे आणि रोज वाट पाही. पण हैबती कधी आत आला नाही. गुरं पुढे गेलेली असत आणि त्याला डोंगर चढायचा असे.

तात्पर्य : पडण्याचा धडा पहिल्या दिवशी दिला नाही, तर तो शेवटच्या दिवशी मिळतो, आणि तेव्हा शिकायला वेळ उरलेला नसतो.