पिठीच्या कानातलं गुपित

जिथे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला सुरंगीच्या फुलांचा गोड वास भेटतो, तिथे एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात मथू नावाची एक इवलीशी मुलगी राहत होती. घर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर नारळाच्या झावळ्या. सकाळी उन्हाचे पिवळेधमक कवडसे त्या झावळ्यांतून आत उतरायचे आणि जमिनीवर नाचायचे. तेवढीच काय ती घरातली श्रीमंती!

मथूचे बाबा लोकांच्या सुरंगीच्या झाडांवर चढून कळ्या काढायचे. आई दूरच्या शहरात एका घरी स्वयंपाकाला गेली होती. जाताना तिने मथूचे गाल कुरवाळले आणि म्हणाली, "सुरंगी फुलाक लागली काय येतलंय हां बाय. तवसर पिठीक सांभाळ."

पिठी म्हणजे आईची मांजर. रंगाने तांदळाच्या पिठासारखी पांढरीशुभ्र, डोळे पिकल्या लिंबासारखे, आणि वयाने मथूपेक्षाही मोठी. आईने तिलाही उचललं, तिच्या गुलाबी कानात काहीतरी कुजबुजली आणि मागे वळून न पाहता निघून गेली.

सुरंगी फुलली. फांद्याफांद्यांवर पांढऱ्या कळ्यांचे मोती लगडले, मधमाश्यांनी गाणी धरली. पण आई आली नाही.

मथूला आईची फार आठवण यायची. फळीवर आईची निळ्या फुलांची बशी होती. चहा त्या बशीत ओतून, फुंकर घालून प्यायची आईची सवय. मथू ती बशी रोज पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. तिला कोणी हात लावलेला मथूला खपत नसे. आई आल्यावरच ती बशी खाली उतरणार होती.

अशातच पिठीने खाणं सोडलं. ताटलीशी यायची, वास घ्यायची, एखादा तुकडा तोंडात धरायची आणि टाकून द्यायची. पूर्वी दिवसभर "म्यांव म्यांव" करून घर डोक्यावर घेणारी पिठी आता तोंडसुद्धा उघडेना.

शेजारच्या सुभद्राकाकीने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "रुसला हा गो ता मांजार! आवस गेली मा तुझी शहरात, म्हणान. जरा लाड कर तेचे."

मग काय, मथूने लाडच लाड केले. रुसलेल्या माणसाला आवडीचं द्यावं, तसा तिने सुका बोंबील चुलीवर कुरकुरीत भाजून दिला. भाकरीचा खरपूस पापुद्रा दिला. मातीच्या घागरीतलं गारेगार पाणी आईच्या पितळी लोटीत भरून ठेवलं. पिठी ते सारं बघायची आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसायची. तिची पाठ आता हाताला हाडं लागतील इतकी रोडावली होती. आई आली आणि पिठीच नसली तर? या विचाराने मथू रात्री उठून पायाशी निजलेल्या पिठीला चाचपून बघायची.

एका पहाटे ती बाबांबरोबर कळ्या वेचायला गेली. बाबा उंच शेंड्यावर होते. मथूने हाताशी असलेल्या सगळ्या कळ्या काढल्या, पण नेहमीप्रमाणे एक लहानसा झुबका तसाच ठेवला. मधमाश्यांनाही काहीतरी राहायला हवं, असं तिला वाटायचं.

तेवढ्यात तो झुबका लुकलुकला! सोनेरी पराग भुरूभुरू उडाले आणि त्यांतून बोटाएवढी एक परी बाहेर आली. तिचा झगा पांढऱ्या पाकळ्यांचा होता, केस केशरी, आणि पंखांवर दवाचे चिमुकले थेंब चमचमत होते.

"मथू, तू रोज माझं घर राखून ठेवतेस," परी हसून म्हणाली. "ही घे कळी. हिला हातात धरून एक इच्छा माग. ती पुरी होणार असेल तर कळी उमलेल. पण नीट ऐक हं. कळी एकदाच उमलते. तिचा वास असेपर्यंतच तिची जादू. आणि जे माणसाच्या हातापायांनी होतं, ते मी करत नाही."

मथू धावतच सुटली. काय मागायचं ते तिला ठाऊकच होतं! घराच्या बेड्याशी, कुंपणाच्या त्या फाटकाशी, जिथून आई दिसेनाशी झाली होती तिथे ती उभी राहिली, कळी छातीशी धरली आणि डोळे मिटले. "आई" हा शब्द ओठांवर आलाच होता.

इतक्यात मागे अंगणात लोटी खणकन वाजली.

पिठी पाणी प्यायला आली होती. तिने जीभ पाण्याला लावली आणि चटका बसावा तशी मागे सरली. मान झटकली, पंजाने गाल चोळला. मग ती लोटीसमोर तशीच बसून राहिली. पाणी समोर होतं, तहान लागलेली होती, आणि तिला ते पिता येत नव्हतं.

मथूने रस्त्याकडे पाहिलं. मग पिठीकडे पाहिलं. तिला खूप रडू आलं. पण ती पिठीजवळ जाऊन बसली आणि कळी मुठीत धरून म्हणाली, "पिठीचा रुसवा जाऊ दे."

कळी मिटलेलीच राहिली.

"रुसवा नाही? मग तुला होतंय तरी काय? ते मला कळू दे!"

आणि कळी उमलली! सगळं अंगण घमघमलं. पिठीने मान वर केली आणि हळूच, दाताला दात न लागू देता बोलली, "रुसवा असता तर गेला असता ना, वेडाबाई! माझी दाढ ठणकतेय. तुझा तो बोंबील काट्यासारखा टोचतो. गार पाणी दाढेला झोंबतं. आणि त्या खोल लोटीत तोंड घालायचं म्हणजे तिचा काठ नेमका दुखऱ्या गालावर लागतो. भूक फार लागलीय गं मला."

"अगं, आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होते," पिठी म्हणाली. वास विरत चालला होता, तशी ती घाईने पुढे बोलली, "आणि ऐक. जाताना तुझी आई माझ्या कानात म्हणाली होती, 'माझ्या मथूच्या पायाशी नीज. तिला एकटं वाटू देऊ नकोस.' म्हणून मी रोज…"

वास संपला. पिठी पुन्हा नुसतीच मांजर झाली.

मथूने डोळे पुसले आणि कामाला लागली. बाबांनी आणलेला बांगडा तिने मिठाशिवाय साध्या पाण्यात शिजवला, एकेक काटा वेचून काढला आणि बोटांनी मऊ लगदा केला. पण ठेवायचा कशात? तिला पसरट, उथळ भांडं हवं होतं. ती फळीपाशी गेली, थोडी थांबली, आणि आईची निळ्या फुलांची बशी खाली उतरवली.

कोमट लगदा बशीत पसरला. पिठीने वास घेतला, जिभेचं गुलाबी टोक लावलं. एकदा चाटलं, पुन्हा चाटलं. मथू श्वास रोखून बघत राहिली. मग बशीत कोमट पाणी आलं आणि पिठी थांबत थांबत ते प्यायली.

मथूने दाढेचं सांगताच सुभद्राकाकी लगबगीने लवंग घेऊन आली. "दाढ दुखता मा? मगे ही धर दाढेखाली." पिठी वासानेच मागे पळाली, तेव्हा काकीने हसत लवंग स्वतःच्याच तोंडात टाकली. मात्र तिच्या गाईला बघायला गुरांचे डॉक्टर आले, तेव्हा तिनेच मथूला हाक मारली. डॉक्टरांनी पिठीला गुंगीचं औषध देऊन किडकी दाढ काढली आणि सांगितलं, "मऊच भरव हो तिला. बाकी सगळं तू बरोबर केलंस."

सुरंगीचा बहर सरत आला. शेवटच्या झुबक्यापाशी मथू उभी राहिली तेव्हा परी पुन्हा लुकलुकली.

"पिठी जेवायला लागली," मथू म्हणाली. "पण आईला मागायचं राहून गेलं."

"अगं, तुझ्या आईला मी आणूच शकले नसते," परी हळूच म्हणाली. "जे पायांनी होतं ते मी करत नाही ना! आणि तिचे पाय तर केव्हाचे निघालेत."

परीच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, झाडभर पसरला, मधमाश्यांवर, मथूच्या केसांवर चमचमला आणि उन्हात मिसळून गेला.

त्याच क्षणी बेड्याकडून आवाज आला. "म्यांsssव!"

कितीतरी दिवसांत ओरडायला न उघडलेलं तोंड पिठीने एवढं मोठं उघडलं होतं. वाटेवर, बोचकं डोक्यावर घेऊन आई येत होती!

केवढ्या मिठ्या, केवढं रडणं! मग आई दारात टेकली आणि मथूला मांडीवर घेऊन म्हणाली, "एकटा वाटला काय गो तुका?"

"नाय गो. पिठी रोज पायाकडे निजत होती मा. तूच तिच्या कानात सांगितलं होतंस."

आई चकित झाली. "ता तुका कोणी सांगल्यान?"

मथू पिठीकडे बघून हसली. पिठी निळ्या फुलांची बशी चाटण्यात अगदी गुंग होती.