रायगोंडाच्या गाडीचा हादरा

ही हकीकत मी मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी सुमारे तीन वाजता, दस्तगीर मिस्त्री यांच्या गॅरेजमध्ये, खुद्द मिस्त्रींच्या तोंडून ऐकली. हकीकतीतील बहुतेक सल्ले त्यांनीच दिलेले असल्यामुळे त्यांची साक्ष पूर्णपणे तटस्थ मानता येणार नाही, हे आरंभीच नमूद करतो.

माणगोंडवाडी नावाच्या गावी रायगोंडा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. सांगितलेले काम तो सांगितले तसेच करी. त्याच्याविषयी गावाची तक्रार होती ती एवढीच.

त्याचा चुलता परदेशी जाताना आपली तांबडी स्पोर्ट्‌स कार त्याच्याकडे ठेवून गेला होता. गाडीत माणसे दोन मावत. गाडी जमिनीपासून चार बोटे वर होती आणि तिचे सस्पेन्शन इतके कडक होते, की रस्त्यावरच्या पेन्सिलीवरून चाक गेले तरी बसणाऱ्याला पेन्सिलीची लांबी सांगता यावी.

रायगोंडाची बायको गिरिजा अकरा किलोमीटरवरच्या शिरटेवाडीला, माहेरी होती. शस्त्रक्रिया होऊन मुलगा झाला, त्याला अडीच महिने झाले होते. डॉक्टरांनी बजावले होते की प्रवासात हादरा बसता कामा नये. दिवस उसाच्या हंगामाचे. भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली. त्यातच शनिवारी अमावास्या होती आणि रविवारपासून पौष लागत होता. पौषात लेकीला सासरी धाडत नाहीत. म्हणजे शुक्रवारी गिरिजा आली नाही, तर आणखी एक महिना येणार नव्हती. रायगोंडाची आई गंगव्वा पाळण्याला नवी दोरी लावून बसली होती. नातू तिने बारशालाच काय तो पाहिलेला.

गावात आणखी सहा मोटारी होत्या आणि त्या सहाही बसायला बऱ्या होत्या. त्यांपैकी एखादी मागून घ्यावी, असे कोणी सुचवल्याची नोंद मला आढळली नाही. बायको-पोर तांबड्या गाडीतून येणार, असे रायगोंडाने बाजारात सांगून ठेवले होते.

सोमवारी तो मिस्त्रींकडे गेला.

"मिस्त्री, थंडीच्या दिवसांत बसायला आरामशीर असं सस्पेन्शन निवडून द्या."

"ही गाडी पळायला केलीया, बसायला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "मऊ स्प्रिंगा मागवतो. दोन हप्ते लागतील."

"शुक्रवारी पाहिजे."

"मग हाय त्यात भागव. थंडीत शॉकअपमधलं तेल घट्ट हुतंय. ते गरम झालं, की गाडी जरा मऊ चालती."

रायगोंडाने ऐकले. मंगळवारी पहाटे त्याने गाडीखाली उसाचे पाचट पसरले आणि शेकोटी केली. तेल गरम झाले की नाही, हे तपासता आले नाही. मागचा बंपर मात्र पापडासारखा वळला.

"शेकोटी कुणी सांगितली हुती?" मिस्त्रींनी विचारले.

"तुम्हीच म्हणालासा, गरम कर."

"आरं, थंडीनं आखडलेलं असलं, की त्याला हळूहळू चालवायचं. दोन किलोमीटर. मग आपसूक सैल पडतंय. तवर वर बसायचं न्हाई. ध्यानात ठेव."

रायगोंडाने ध्यानात ठेवले.

बुधवारी सकाळी त्याचे सासरे मल्लाप्पा, लेकीला पाठवण्यापूर्वी तयारी पाहायला, एका भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. वय सत्तरीचे, थंडी कडाक्याची. उतरताना त्यांचे गुडघे कुरकुरले.

"आखडलोय रे बाबा," ते म्हणाले आणि ओसरीवरच्या खुर्चीकडे वळले.

"मामा, बसू नका," रायगोंडा म्हणाला. "आधी दोन किलोमीटर."

"कशाचे?"

"चला, सांगतो."

त्याने त्यांना कॅनॉलपर्यंत चालवत नेले आणि चालवत आणले. घरात गंगव्वाने चहा तीन वेळा गरम केला. परत आल्यावर मल्लाप्पा एवढेच म्हणाले, "जावईबापू, शुक्रवारी दुपारच्या आत या. आणि मला भेटला न्हाईसा तरी चालंल."

ते गेल्यावर गंगव्वाने मुलाला समोर बसवले.

"आखडलेल्याला कुणी चालवतंय का रं? त्याला वर उचलून ठेवावं, खाली मऊ काहीतरी घालावं, अजिबात हलू देऊ नये."

"असं आधी सांगायचं की, अव्वा."

गुरुवारी सकाळी गाडी अंगणात विटांच्या चार थरांवर उभी होती. खाली दोन गाद्या होत्या. चाके हवेत होती. रायगोंडाने मिस्त्रींना बोलावून आत बसवले आणि स्वतः शेजारी बसला.

"हादरा बसतोय का?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"खड्डा जाणवतोय का?"

"न्हाई."

"मग जमलं की."

"रायगोंडा, चाकं भुईला लागलेली न्हाईत."

"लागली की हादरे सुरू हुत्यात. म्हणूनच लावली न्हाईत."

आरामाच्या दृष्टीने या रचनेत दोष काढणे कठीण होते, हे मिस्त्रींनी माझ्याजवळ मान्य केले. प्रवासाच्या दृष्टीने थोडी उणीव होती.

"उतरव खाली," ते म्हणाले. "आणि नीट ऐक. रिकामी गाडी उसळती, भरलेली गाडी दबून चालती. सरकी पेंडीची दोन पोती घे. एक डिकीत टाक, एक शेजारच्या सीटवर ठेव. बेल्ट लाव आणि एक फेरी मारून बघ."

त्याने फेरी मारली. गाडी खरोखरच दबून चालली. आनंदाने तो पोती न काढताच घरी आला. शुक्रवारी सकाळी तशीच गाडी घेऊन, ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने, तो शिरटेवाडीला पोहोचला.

गिरिजा अंगावर शाल घेऊन, बाळाला कुंची घालून उंबऱ्यात उभी होती. तिने गाडीत डोकावून पाहिले.

"शेजारी कोण बसलंय?"

"पेंड."

"मग मी कुठं बसू?"

रायगोंडाने प्रथमच हा प्रश्न विचारात घेतला.

"मला न्यायला आलाय, की पेंडीला फिरवायला?"

"तुलाच की. तुझ्यासाठीच तर ही ठेवलीया."

"मग काढा तिला."

"काढली तर गाडी हलकी हुती. हलकी झाली की उसळती. उसळली की तुला हादरा. मग तुला बसवून उपेग काय?"

शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन थांबल्या.

"अहो, माझं वजन न्हाई का?" गिरिजा म्हणाली. "पोत्याच्या जागी मी बसले, तर गाडी दबायची न्हाई का?"

"मिस्त्रींनी पोतं सांगितलंय. तुझं नाव घेतलेलं न्हाई."

गिरिजाने वडिलांकडे पाहिले. मल्लाप्पा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. ते उठले नाहीत.

"बरोबर हाय जावईबापूंचं," ते म्हणाले. "पोतंच न्या. सांभाळून न्या, नाजूक असतंय."

"थंडी पण लई हाय," गिरिजा म्हणाली आणि तिने अंगावरची शाल काढून त्याच्या हातात दिली. "तिला पांघरा. वाटेत काय लागलं-सवरलं तर विचारा."

ती बाळासह आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

रायगोंडाला सासरच्या माणसांचा समजूतदारपणा भावला. त्याने पोत्याला डोक्यावरून शाल पांघरली, बेल्ट पुन्हा तपासला आणि परतीच्या वाटेवर एकूण एक खड्डा चुकवला. अकरा किलोमीटरला सव्वा तास लागला.

माणगोंडवाडीत त्याच्या दाराशी आळीतल्या बायका जमल्या होत्या. गंगव्वा पायरीवर उभी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. गाडीच्या काचेतून तिला शाल पांघरून बसलेली आकृती दिसली आणि तिचे डोळे भरून आले.

"दमानं उतरव रं तिला," ती म्हणाली. "पायऱ्या चढू देऊ नको. उचलून आण."

रायगोंडाने उचलून आणले. लहान मुलाला घ्यावे तसे दोन्ही हातांवर घेऊन तो चार पायऱ्या चढला आणि गंगव्वाने मांडून ठेवलेल्या पाटावर त्याने ते अलगद टेकवले. शाल घसरली.



"अव्वा," रायगोंडा म्हणाला, "वाटेत एकदासुद्धा हादरा बसला न्हाई."

मऊ स्प्रिंगा पुढच्या पंधरवड्यात आल्या आणि बसवल्या गेल्या. गिरिजा माघात आली, वडिलांबरोबर, एसटीने.

येथवरच्या सर्व गोष्टी मी गिरिजा, मल्लाप्पा आणि आळीतील दोन बायका यांच्याकडून पडताळून घेतल्या आहेत. भाकरीचा तुकडा रायगोंडाच्या डाव्या कानाला लागला, याविषयीही दुमत नाही. मात्र गंगव्वाने तो रीतीप्रमाणे ओवाळून टाकला होता की नेम धरून मारला होता, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही.