कोरडी कुंडी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात कुंड्यांचा शौकीन राजा होता. मातीच्या कुंड्या तो स्वतः साफ करी, माळ्याला हात लावू देत नसे. जुनी माती खरवडायची, काथ्याने आतून-बाहेरून घासायचं, कडेवरचे पांढरे डाग चिंचेच्या पाण्याने काढायचे आणि मग कुंडी उन्हात खडखडीत वाळवायची, हा त्याचा नेम. दरबार थांबला तरी चालेल, कुंड्या थांबता कामा नयेत!

बाकी कारभार त्याच्या मते अगदी सोपा होता. धान्याच्या कोठारावर त्याने कोठारी नेमला, पण त्याचा शिधा काही ठरवला नाही. "धान्याच्या राशीत बसलेल्या माणसाला वेगळा शिधा कशाला?" असं म्हणून तो आपल्याच हुशारीवर खूश झाला.

पुढे दुष्काळ पडला. गावोगाव धान्याची पोती निघाली, पण पोचली ती हलकीच. चौकशी झाली. कोठाऱ्याने ओंजळ ओंजळ काढून घरी नेल्याचं उघड झालं. त्या राज्यात अशा चोराचा हात तोडत.

शिपायांनी त्याला बांधून बागेत आणलं. राजा एक धुतलेली, वाळलेली कुंडी हौदात बुडवत होता. पाण्यात बुडबुडे उठत होते.

"काही बोलायचंय?" राजाने मान वर न करता विचारलं.

कोठाऱ्याने त्या बुडबुड्यांकडे पाहिलं. घरची चिल्लीपिल्ली त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तो म्हणाला, "महाराज, एवढी स्वच्छ कुंडी पुन्हा पाण्यात कशाला?"

कुंड्यांचा विषय निघाला की राजाची कळी खुले. "अरे, कोरडी कुंडी रोपाच्या वाटचं पाणी आधी स्वतः पिते. मग रोप वाळतं. म्हणून आधी तिला पोटभर पाजायचं."

"आणि न पाजता लावलेलं रोप वाळलं, तर कुंडी फोडता का, महाराज?"

"छे! तिचा काय दोष? दोष तिला कोरडी ठेवणाऱ्याचा..."

बोलता बोलता राजा थांबला. बुडबुडे शमेपर्यंत तो खाली बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

कोठाऱ्याचे हात त्याने स्वतः सोडले. गावांना कमी पडलेलं धान्य राजाच्या मुदपाकखान्यातून गेलं. पुढे कोठाराचं दार उघडलं की आधी कोठाऱ्याचा, हमालांचा आणि गाडीवानांचा शिधा निघे. मग पोती निघत, आणि ती भरलेलीच पोचत.

तात्पर्य: ज्याच्या हाताने इतरांना वाढायचं, त्याला उपाशी ठेवू नये.