दाराचं माप

उशीच्या अभ्र्यांवर फोटो छापणाऱ्या एका दुकानात एक छोटा प्रिंटर आणि हीट प्रेस वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते. छोटा कागदावर फिकट चित्र छापी. प्रेस ते तापवून कापडावर उमटवी, तेव्हा कुठे रंग खुलत.

एके दिवशी मालकीण वत्सलाताईंनी छोट्याला बदल्यात देऊन चार फुटी प्रिंटर आणला. त्यानं लग्नमंडपातल्या पडद्यासाठी नवरा-नवरीचं चित्र कागदावर झोकात छापलं. प्रेस मात्र उशीएवढाच. तुकड्या-तुकड्यानं दाबताना नवरीच्या चेहऱ्यावर जोड उमटलाच. पडदा परत आला. मोठी कामं थांबली, नव्याच्या नळ्यांत शाई वाळली.

"माझं काय चुकलं, दादा?" नव्यानं प्रेसला विचारलं.

"तुझं काही नाही रे," छोट्याच्या आठवणीनं गलबललेला प्रेस म्हणाला. "तुला आणताना ताईंनी दाराचं माप घेतलं. माझं घ्यायचं राहिलं."